कॅमेरा कोणता आहे बे?

लग्नसराई जवळ आली की वाडीतल्या फोटोग्राफर पोट्ट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरू लागतो. "दोन दिवसांचं काम आहे, असिस्टंट पाहिजे, फुल फ्रेम मिररलेस असेल तरच संपर्क करा." याआधी कुठे काम केलं, फोटो दाखव, हळदीच्या गर्दीत उभं राहता येतं का, हे कोणी विचारत नाही. पहिला प्रश्न, कॅमेरा कोणता आहे बे? उत्तरात 'डी ९०' किंवा '७०० डी' आलं की तिकडून मेसेज बंद.

माझं भांडण या प्रश्नाशी आहे. कारण हा प्रश्न विचारणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही. जाते ती ज्याला विचारला त्याच्या खिशातून, आणि तेही दोन-दोन वर्षं.

आपल्या वाडीत कोण राहतो ते आपल्याला माहीत आहे. अमरावती रोडच्या दोन्ही अंगाला गोदामं, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, पलीकडे हिंगण्याची एमआयडीसी. दिवसभर माल मोजणारा नाहीतर शिफ्टमध्ये मशीनवर उभा राहणारा पोट्टा रविवारी कॅमेरा गळ्यात घालून निघतो. त्याला फोटोतून चार पैसे मिळवायचे आहेत, जमलं तर पुढे हाच धंदा करायचा आहे. तो ग्रुपवरचा मेसेज वाचतो आणि बर्डीवर जाऊन दीड-दोन लाखांची बॉडी आणि लेन्स हप्त्यावर उचलतो. दुकानात कोणी त्याला विचारत नाही की बाबा, वर्षातले किती महिने तुझ्याकडे काम असते? आषाढी एकादशी झाली की चातुर्मास लागतो, मुहूर्त बंद होतात, ते थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. हप्ता मात्र चातुर्मास पाळत नाही. तो दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येतोच.

वरून "नो कॉस्ट आहे भाऊ, व्याजच नाही" हे पालुपद. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट कळवलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वातच नसते. व्याज असतंच, ते प्रोसेसिंग फीच्या आड लपवलेलं असतं. कधी ते वस्तूच्या किमतीत मुरलेलं असतं, म्हणजे रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती तुम्हाला मिळत नाही. नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीत दरवर्षी महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे निघतात. एखाद्या वर्षी कोणी या नो कॉस्ट हप्त्याचाही बडग्या काढावा, मी वर्गणी देतो.

आता जुन्या कॅमेऱ्याबद्दल. "जुना म्हणजे भंगार" असं म्हणणाऱ्यांनी आधी घरातलं कपाट उघडावं. २०१० ते २०१४ च्या काळात तुमच्या दादाचं, ताईचं लग्न झालं असेल तर तो अल्बम काढा. जाड पुठ्ठ्याचा, बारा बाय छत्तीसचं पान उघडणारा. ते फोटो ज्या कॅमेऱ्यांनी काढले, तेच आज पंधरा-वीस हजारांत विकायला आहेत. अल्बम खराब दिसतो का? कोणी पाहुणा म्हणाला का, की वहिनी, मेगापिक्सेल कमी पडून रायले?

साधा हिशोब करा. निकॉनचा डी ९० आला २००८ मध्ये. व्हिडिओ काढणारा तो जगातला पहिला डीएसएलआर. त्याचा फोटो ४२८८ बाय २८४८ पिक्सेलचा, म्हणजे १२ मेगापिक्सेल. उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले तरी १४ बाय साडेनऊ इंचांचा प्रिंट सहज निघतो. १८ इंच रुंद केला तरी इंचाला जवळजवळ २४० पिक्सेल उरतात, आणि हातात अल्बम धरून पाहणाऱ्या माणसाला यातला फरक दाखवता येणार नाही. बरं, अल्बमपर्यंत किती फोटो जातात? बाकी सगळे व्हॉट्सॲपवर. तिथे साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून दाबून दोन मेगापिक्सेलच्या आसपास आणला जातो. दोन लाखांच्या कॅमेऱ्यातून काढायचा आणि दोन मेगापिक्सेल करून मावशीला पाठवायचा! आणि वाडी नाक्यावर भाऊंच्या वाढदिवसाचे जे फ्लेक्स लागतात, त्यातले निम्मे फोटो तर मोबाइलचे असतात. त्यांना कोणी विचारत नाही कॅमेरा कोणता.

कॅननचा ५डी मार्क २ सुद्धा २००८ चाच. २०१० मध्ये 'हाऊस' या गाजलेल्या अमेरिकन मालिकेच्या सहाव्या सीझनचा शेवटचा भाग याच कॅमेऱ्यावर चित्रित झाला होता. हॉलीवूडला जो पुरला तो आपल्या लॉनवरच्या वरमालेला पुरत नाही?

आणि आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे त्यांनी वर्षानुवर्षं फोटो काढले. गटारात उतरलेली माणसं, त्यांची घरं, त्यांच्या बायका-मुलं. कृष्णधवल. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंसमोर उभं राहून कॅमेरा कोणता असं विचारायची कोणाची हिंमत होत नाही, कारण फोटोतला माणूस सरळ तुमच्याकडे पाहत असतो.

जुना कॅमेरा सगळंच करतो असं मी म्हणत नाही. अंधाऱ्या हॉलमध्ये आयएसओ १६०० च्या वर नेला की डी ९० च्या फोटोत दाणे दिसतात. व्हिडिओ त्याचा आज कामाचा नाही. नाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यावर फोकस आपोआप धरून ठेवणं हे नव्या मिररलेसचंच काम. ज्याचा धंदा बसला आहे, ज्याला लग्नाच्या फिल्मा करायच्या आहेत, त्याने खुशाल घ्यावा, कमावतो आहे तो. पण ज्याचं अजून दहावं लग्नही झालं नाही (म्हणजे शूट केलेलं), त्याच्यासाठी जुनी बॉडी, ५० एमएमची एक लेन्स आणि छताकडे तोंड करून मारता येईल असा एक फ्लॅश, एवढ्यात पंचवीस-तीस हजारांत दुकान मांडून होतं. फ्लॅशचा उजेड पांढऱ्या छतावरून खाली आणायला शिकला तर आयएसओचं रडगाणं निम्मं संपतं.

फक्त डोळे उघडे ठेवून घ्या. सेकंडहँडच्या बाजारात गंडवणारे कमी नाहीत.

शटर किती वेळा पडलं ते पाहा. डी ९० चं शटर एक लाख क्लिकसाठी, डी ७००० चं दीड लाखासाठी तपासलेलं असतं. त्यानंतर ते बंदच पडतं असं नाही, पण अंदाज येतो. एका लग्नात तीन हजार क्लिक धरले, तर चाळीस हजार झालेल्या डी ९० मध्ये अजून वीस लग्नं तरी आहेत. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो, शेवटचा फोटो मागून घ्या. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत तो फाइलमध्ये नसतो, केबल लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. "पाहा ना, फोटोचा नंबर तीन हजारच आहे" असं कोणी म्हणालं तर हसा. तो नंबर ९९९९ नंतर पुन्हा एकपासून सुरू होतो.

सेन्सरसाठी ॲपर्चर १६ किंवा २२ वर ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो काढा आणि मोठा करून पाहा. धुळीचे ठिपके साफ होतात, ओरखडे होत नाहीत. निकॉन डी ६०० स्वस्तात फुल फ्रेम म्हणून दाखवतील. त्याच्या सेन्सरवर काळे ठिपके यायची तक्रार इतकी वाढली होती की २०१४ मध्ये कंपनीला मॉडेलच्या दुरुस्तीची मोफत सोय करावी लागली. दुरुस्ती झाली होती का, ते विचारल्याशिवाय हात लावू नका.

लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, लेन्स परत करा. पावसाळ्यात येते हे सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्याकडे उन्हाळ्यातही कूलरच्या खोलीत कॅमेरा उघडा ठेवला की तेच होतं, कारण कूलर हवेत पाणीच सोडतो. पापडाचा हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, याहून जास्त खर्च करायची गरज नाही.

निकॉन घेत असाल तर आणखी एक. डी ९० आणि डी ७००० च्या बॉडीत फोकसची मोटर आहे, डी ३२०० आणि डी ५३०० मध्ये नाही. स्वस्त मिळणारी जुनी ५० एमएम डी लेन्स या दुसऱ्या दोघांवर लावली तर फोकस हाताने फिरवत बसावं लागेल. दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

आणि बिल. "जुन्या मालाला कुठं बिल असते भाऊ?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की पाठ झालं. असतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दुकानदाराने बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. जुना, दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं हीसुद्धा. बिलावर कॅमेऱ्याच्या खालचा सिरीयल नंबर लिहून घ्या. कॅमेरे चोरीला जातात, आणि चोरीचा आहे हे कळून किंवा कळण्यासारखं असूनही माल घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ तुमच्याकडे पाहतं, चोराकडे नाही फक्त.

आता सरकारकडे वळू. कॅनन-निकॉन दोघांचंही लक्ष आता मिररलेसवर आहे. म्हणजे जुन्या डीएसएलआरचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ होणार. चांगला चालणारा कॅमेरा एका रबरापायी, एका शटरपायी कपाटात पडणार. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून समिती नेमली, पोर्टल काढलं. चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू, वाहनं. ट्रॅक्टर दुरुस्त झालाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण कॅमेऱ्याचं नाव या यादीत काऊन नाही? ज्याच्यावर एक घर चालतं ते अवजार नाही का? वाडीतल्या पोट्ट्यासाठी कॅमेरा हा पाना-पेचकसासारखाच आहे. सुटे भाग किती वर्षं मिळतील हे विकताना छापून द्या, दुरुस्तीची पुस्तिका बाहेरच्या कारागिराला द्या, एवढंच मागणं आहे. आपल्या लोकप्रतिनिधींनी हे दिल्लीत मांडावं. फ्लेक्सवरचा फोटो काढणारा पोट्टाही त्यांचा मतदारच आहे.

आणि काम देणाऱ्या सिनियर भावांनो, तुम्हालाही विचारतो. तुम्ही म्हणता, "आम्हाला काय, पार्टीला कॅमेरा दाखवा लागते." पार्टीने कधी मॉडेल नंबर विचारला? पार्टी विचारते फोटो कधी देता, अल्बम किती पानांचा, ड्रोन आहे का. मॉडेल नंबर तुम्ही विचारता. पुढच्या मेसेजमध्ये 'फुल फ्रेम मिररलेस' खोडून 'दहा फोटो पाठव' असं लिहून पाहा. फायलींचा रंग जुळत नाही ही तुमची अडचण खरी आहे, पण रॉ मध्ये काढायला सांगितलं की ती बरीचशी सुटते, आणि डी ९० रॉ काढतो.

इनबॉक्समध्ये काल एकाने विचारलं, दादा, अठरा हजार जमले आहेत, हप्त्यावर नवा घेऊ की थांबू? थांबू नको. डी ७००० ची बॉडी बघ, शटर साठ हजारांच्या आतलं, बिलासकट. उरलेल्या पैशात ५० एमएम नाही आली तर कोणाची महिनाभर उसनी घे. माझी दिवाळीपर्यंत रिकामीच आहे.