विश्लेषण : खासगी शाळेत घातलं म्हणजे मूल जास्त शिकतं का?

दहावी-बारावीचे निकाल लागले की सरकारी शाळा चांगली की खासगी, हा वाद सोशल मीडियावर हमखास रंगतो. दोन्ही बाजूंना हवे ते आकडे मिळतातही. सीबीएसईच्या २०२५ च्या बारावीच्या निकालात सरकारी शाळा ९०.४८ टक्क्यांवर होत्या, तर खासगी शाळा ८७.९४ टक्क्यांवर. त्याच वर्षी दहावीत मात्र खासगी शाळा ९४.१७ आणि सरकारी शाळा ८९.२६ टक्के. मंडळ एक, वर्ष एक, तरी उत्तरं उलटी. मग खरं काय?

निकाल नेमकं काय मोजतो?

या निकालांत नवोदय विद्यालयं दरवर्षी आघाडीवर असतात. तीही सरकारीच. पण तिथे सहावीतच प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडली जातात. खासगी शाळेत फी भरू शकणाऱ्या, घरी अभ्यास घेणाऱ्या किंवा शिकवणी लावणाऱ्या पालकांची मुलं जास्त असतात. म्हणजे शाळेचा निकाल फक्त शाळा काय शिकवते हे सांगत नाही, शाळेत कोण येतं हेही सांगतो. या दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय तुलना करणं फसवं ठरतं.

चिठ्ठी टाकून प्रवेश दिला तर?

असा प्रयोग २००८ पासून तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात झाला. खेड्यांतल्या काही मुलांना सोडत काढून खासगी शाळेची फी देण्यात आली. सोडतीत नाव न आलेल्या मुलांशी त्यांची तुलना झाली. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. हिंदीत खासगी शाळेतली मुलं स्पष्टपणे पुढे होती.

खासगी शाळांच्या बाजूचीही एक गोष्ट यात आहे. त्यांचा दर विद्यार्थ्यामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी होता. हा अभ्यास प्राथमिक वर्गांचा आहे, त्यामुळे तो हायस्कूलला जसाच्या तसा लावता येत नाही. पण शाळा बदलली की प्रगती आपोआप होते, या समजाला त्याने धक्का दिला.

मग अभ्यासाची ओढ कशाने लागते?

अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९६६ च्या अहवालात दाखवलं, की शाळेच्या सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीचा यशाशी जास्त संबंध आहे. ‘आपल्या मेहनतीने आपलं भविष्य बदलू शकतं’ असं मुलाला वाटणं, याचाही यशाशी घट्ट संबंध दिसला.

१९८१ मध्ये त्यांनी सरकारी आणि खासगी हायस्कुलांची तुलना केली. खासगी शाळा काहीशा पुढे दिसल्या. त्यामागे गृहपाठ, नियमित हजेरी आणि शिस्त असल्याचं त्यांचं म्हणणं होतं. या गोष्टी पाळणाऱ्या सरकारी शाळांतली मुलंही चांगली कामगिरी करतात, असं त्यांनी मांडलं. मुळात जागरूक पालकच खासगी शाळा निवडतात, असा आक्षेप इतर अभ्यासकांनी घेतला. तो वाद बराच गाजला.

महाराष्ट्रात चित्र वेगळं का आहे?

जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीपर्यंतच आहेत. पुढची अनेक हायस्कुलं अनुदानित आहेत, म्हणजे संस्था खासगी आणि शिक्षकांचा पगार सरकारी. त्यात २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांची भर पडली. त्यामुळे आपल्याकडे ‘खासगी’ हा एकच शब्द अगदी वेगवेगळ्या शाळांना लागतो.

गरीब कुटुंबांची खरी अडचण नववीत येते. शिक्षण हक्क कायद्यातले २५ टक्के प्रवेश आठवीपर्यंतच मोफत असतात. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला यातून सूट देण्याचा राज्य सरकारचा फेब्रुवारी २०२४ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला. पण नववीच्या फीचा प्रश्न तसाच राहिला. आठ वर्षं ज्या शाळेत काढली, तिथे पुढे पूर्ण फी भरायची किंवा ऐन दहावीच्या तोंडावर शाळा बदलायची.

पालकांनी काय बघावं?

‘असर’ने २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलांची पाहणी केली. सुमारे २५ टक्के मुलांना आपल्या भाषेतला दुसरीचा उताराही सलग वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं फक्त ४३.३ टक्के मुलांना जमलं. वर्गात काय चाललंय हेच कळत नसेल, तर मुलाचं मन अभ्यासात लागणार कसं? अनेकदा ज्याला आपण आळस म्हणतो, तो मागे राहून गेलेला पाया असतो.

म्हणून शाळेची पाटी आणि निकालाचा फ्लेक्स बघण्याआधी काही प्रश्न विचारायला हवेत. वह्या नियमित तपासल्या जातात का? गणिताला आणि इंग्रजीला वर्षभर शिक्षक असतात का? मागे पडलेल्या मुलासाठी वेगळा वेळ दिला जातो का, की त्याला शिकवणीचा रस्ता दाखवला जातो? सरकारी असो वा खासगी, या प्रश्नांची उत्तरं जिथे समाधानकारक मिळतील, तिथे मूल शिकण्याची शक्यता जास्त.