गणपतीत जादा गाड्या येतात, मग रोज का नाही?



गणपतीची सुट्टी संपून शाळा भरली की आमच्या वर्गात पहिला तास अभ्यासाचा होतच नाही. कुणाकडे किती मोदक झाले, कुणाच्या मुंबईच्या काकांनी काय आणलं, ह्याचाच हिशोब चालतो. त्या गडबडीत सातवीतली एक मुलगी एकदम म्हणाली, "बाई, गणपतीत एवढ्या जादा गाड्या येतात. मग त्यातली एक तरी रोज का नाही ठेवत?"

"तुला गं कुठे जायचंय रोज?" मी विचारलं.

"मला नाही, ताईला. ती कॉलेजसाठी रत्नागिरीला मामाकडे राहते. कॉलेजच्या वेळेला गाडी असती, तर रोज संध्याकाळी घरी आली असती."

वर्ग गप्प झाला. खरं सांगते, मलाही पटकन उत्तर सुचलं नाही. मग मी त्यांनाच विचारलं, "गणपतीत तुमच्या घरी माणसं किती असतात?"

"वीस!" "आमच्याकडे पंचवीस!"

"मग ती झोपतात कुठे?"

"ओटीवर, माजघरात, पडवीत. मोरीपुढे रांग लागते, बाई!"

"आणि ही पंचवीस माणसं वर्षभर राहायची म्हटलं तर?"

"मग खोली बांधायला लागेल!"

बस्स! रेल्वेचंही अगदी असंच आहे बरं का. चार दिवस दाटीवाटीने निभावतं. दुसरीकडचे डबे आणायचे, अडनिड्या वेळेला गाड्या सोडायच्या. पण रोजची गाडी म्हणजे कायमचा पाहुणा. तिला रोज डबे हवेत, इंजिन हवं, चालक आणि गार्ड हवेत, डबे धुवायला आणि तपासायला जागा हवी. आणि सगळ्यात आधी हवा तो रूळ मोकळा!

आपली कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर जाते. १९९८ साली २६ जानेवारीला ती पूर्ण मार्गावर सुरू झाली. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा भाग २०२१ मध्ये दुहेरी झाला, पण बाकी बहुतेक मार्ग अजून एकेरीच आहे. म्हणजे जाणारी गाडी आणि येणारी गाडी, दोघींना रूळ एकच. समोरासमोर आल्या तर एकीने स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबायचं आणि दुसरीला वाट द्यायची. ह्यालाच आपण 'क्रॉसिंगला थांबली' म्हणतो. बहुतेक वेळा थांबते ती आपली पॅसेंजर!

आता फळ्यावर एक गणित सोडवू. समजा, दोन स्टेशनांमध्ये १५ किलोमीटर अंतर आहे. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने गेली, तर १५ मिनिटं लागतील. ती पोहोचल्याची खात्री करून दुसरीला सिग्नल द्यायला ५ मिनिटं धरा. झाली २० मिनिटं. तेवढा वेळ त्या टप्प्यात दुसरी गाडी सोडता येत नाही. दिवसाची मिनिटं १४४०. भागिले २०, उत्तर ७२. येणाऱ्या आणि जाणाऱ्या मिळून हं! पण गाड्या काही प्रार्थनेच्या रांगेसारख्या येत नाहीत. कधी तीन एकदम, कधी एकही नाही. शिवाय रूळ दुरुस्त करायलाही वेळ लागतो. म्हणून अशा हिशोबात ढोबळमानाने ७० टक्केच धरतात. म्हणजे उरल्या ५०. त्यात एक्स्प्रेसही आल्या, पॅसेंजरही आणि मालगाड्याही.

आता त्याच दोन स्टेशनांच्या बरोबर मध्ये क्रॉसिंगचं नवं स्टेशन बांधलं तर? टप्पा साडेसात किलोमीटरचा. साडेसात आणि पाच मिळून साडेबारा मिनिटं. करा भागाकार आणि काढा ७० टक्के. सुमारे ८० गाड्या! रूळ तोच, पण तीस गाड्यांची जागा वाढली. हीच आपली बांधलेली खोली! कडवई, खारेपाटण रोड, आचिर्णे ही स्टेशनं मूळ मार्गावर नव्हती, ती नंतर बांधली, ती ह्यासाठीच. मात्र एक अट आहे. वाटेत कुठे एक जरी लांब टप्पा राहिला, तरी तिथे ५०च गाड्या मावतात.

"मग सगळीकडे दुसरा रूळच का नाही टाकत?" एकाने विचारलं. टाकता येईल, पण रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा आठवा. सुमारे साडेसहा किलोमीटरचा, आणि तोही एकाच रुळापुरता! दुसऱ्या रुळासाठी डोंगर पुन्हा पोखरायचा. त्यात पावसाळ्यात गाड्या सावकाश चालवाव्या लागतात, म्हणून वेळापत्रकच वेगळं असतं. रोजच्या गाडीला त्यातही जागा मिळायला हवी.

शेवटी आम्ही एक खेळ केला. तुम्हीही करून बघा. आलेखाचा कागद घ्या. डावीकडे खालून वर स्टेशनं लिहा आणि आडवे तास लिहा. वेळापत्रक बघून प्रत्येक गाडीची तिरपी रेघ काढा. जाणारी वर चढते, येणारी खाली उतरते. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतील, तिथे स्टेशन असायलाच हवं. रेल्वेचे लोकसुद्धा असाच आलेख काढतात.

त्या मुलीने सकाळी ताईच्या वेळेला लाल पेन्सिलीने एक रेघ काढली. ती एका एक्स्प्रेसच्या रेघेला दोन स्टेशनांच्या मधोमध छेदत होती. "बाई, टक्कर!" सगळे ओरडले. तिने खोडलं, वीस मिनिटं आधीची रेघ काढली. आता छेद बरोबर स्टेशनात आला.

"बसली गाडी!" ती म्हणाली. मी तिला सांगितलं की मालगाड्या ह्या कागदावर नाहीत, आणि डबे कुठून येणार हेही कागद सांगत नाही. ती थोडी हिरमुसली. पण कागद तिने टाकला नाही. घडी करून दप्तरात ठेवला.

मला ते आवडलं. नुसतं 'गाडी द्या' म्हणणं सोपं आहे. पण 'अमुक वाजता, अमुक स्टेशनात क्रॉसिंग ठेवून ही गाडी बसते का, बघा', असं विचारणाऱ्याला नुसतं 'बघू' म्हणून परत पाठवणं अवघड जातं. तेव्हा पालकांनो, तुमच्या स्टेशनासाठी अर्ज लिहायला बसाल, तेव्हा मुलांचा हा आलेख जवळ असू द्या.

आणि मुलांनो, साडेबाराने भागताना चुकू नका हं!

तुमच्या,
बाई