रेवडीची कुस्ती कोणी पाहायची?



चैत्र लागला की आमच्या इंदुरीच्या पारावर एकच विषय निघतो. कोणत्या गावची जत्रा कधी, हगामा कोणत्या दिवशी, शेवटची जोड कोणाची आणि इनाम किती. गहू-हरभरा घरात आलेला असतो, भाताच्या पेरणीला अवकाश असतो, माणसे जरा मोकळी असतात. अशा वेळी कुस्ती पाहण्यासारखे दुसरे सुख नाही. पण आज मी शेवटच्या जोडीबद्दल लिहिणार नाही. ती पाहायला सगळेच जातात. आज लिहायचे आहे ते पहिल्या जोडीबद्दल, म्हणजे रेवडीच्या कुस्तीबद्दल.

पूर्वी लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, खोबऱ्याच्या वाटीवर, नारळावर लागायच्या. आता पोरांच्या हातात नोट पडते, पण नाव रेवडीचेच राहिले. या कुस्त्या भर दुपारी लागतात. मोठ्या जोडी ऊन उतरल्यावर सुटतात, आणि माणसेही तेव्हाच येतात. खरे सांगतो, मीही इतकी वर्षे ऊन उतरल्यावर जाणाऱ्यांपैकीच होतो.

यंदा पुतण्याचा धाकटा, वय वर्षे दहा, आदल्या रात्री अंथरुणाशी येऊन बसला. म्हणाला, "आबा, उद्या माझी कुस्ती हाय. तुमी येनार ना?" नाही म्हणवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला डोक्याला पंचा गुंडाळून इंद्रायणीकाठच्या त्या गावी गेलो. गावाचे नाव सांगत नाही, कारण अशी अवस्था त्या एकाच गावाची नाही.

आखाडा जुना आहे. वाडवडिलांनी उतारावर दगडी पायऱ्या बांधल्या, म्हणून मागे बसलेल्यालाही माती दिसते. आता त्यातल्या तीन पायऱ्या ढासळल्या आहेत, फटींतून पिंपळ उगवला आहे. शेजारच्या तालमीची कौले गेली आहेत आणि आत मांडवाचे बांबू व खताची रिकामी पोती पडली आहेत. ध्वनिक्षेपक बोलतो कमी, शिट्टी जास्त मारतो. पायऱ्यांवर मोजून चाळीस माणसे असतील. त्यातले निम्मे पोरांचे बाप आणि चुलते, एक फुगेवाला, एक गारीगारवाला. एका कडेला चार-पाच आया डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या.

पण मंडळी, मी दोन तास उठलो नाही. हलगी कडाडली आणि पोरे मातीत उतरली. वस्ताद दोन पोरांना पाठीला पाठ लावून उभे करतात, खांदा चाचपतात, मनगट धरून पाहतात. तिथे वजनकाटा नसतो, पण नजर चुकत नाही. जोड जमली की दोघे वाकून माती कपाळाला लावतात, एकमेकांच्या अंगावर टाकतात आणि हात मिळवतात. मग शड्डू घुमतो. मोठ्या पैलवानांची खडाखडी पाव तास चालते. पोरे तसा हिशेब करीत नाहीत. एकाने वाकून पाय धरला की पट निघालाच. दुसऱ्याने हात बगलेत धरून कमरेवरून फेकले की ढाक लागलीच. दोन्ही खांदे मातीला टेकले की चितपट. डाव अर्धे-कच्चे असतात, पण उघडे असतात. कुस्ती कशी घडते हे समजून घ्यायचे असेल तर ती इथेच पाहावी.

एक मुलगीही उतरली होती. तिच्या जोडीला मुलगी मिळेना, म्हणून मुलाशीच लावली. तिने त्याला धरून बसवले आणि चाळीस माणसांनी शंभरांएवढा आवाज केला. यात नवल मानायचे दिवस आता गेले. मार्च २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली.

आमचा नातू हरला. समोरचा घाटाखालचा पोरगा, अंगाने बारीक पण चपळ. आमच्याने पट काढायला डोके खाली घातले, त्याने ते तसेच दाबून फिरवले आणि पाठ टेकवली. मिनिटभराचा खेळ. पोरगा उठला. त्याने वस्तादांकडे पाहिले नाही, बापाकडे पाहिले नाही, पायऱ्यांवर मला शोधले. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. त्याने तोंडावरची माती पुसली आणि जिंकलेल्या पोराचा हात स्वतःच वर केला. मंडळी, त्या वेळी मी तिथे नसतो तर? मागच्या वर्षी नव्हतो. त्याच्या थोरल्या भावाची कुस्ती मी पाहिलीच नाही, आणि त्या पोराने यंदा लंगोटाला हातही लावला नाही. त्याचे कारण मी विचारलेही नव्हते.

संध्याकाळी पायऱ्या भरल्या, झाडांवर माणसे चढली. मोठ्या कुस्त्या झाल्या, चांगल्या झाल्या. पण घरी निघताना कानावर आले की पुढच्या वर्षीपासून लहान पोरांच्या कुस्त्या बंद करायचा विचार चालला आहे. म्हणे, दुपार फुकट जाते, कोणी पाहत नाही. त्यापेक्षा पाच नामवंत जोडी आणाव्यात आणि उरलेल्या वेळात गाण्याचा कार्यक्रम ठेवावा. कमिटीतली माणसे वाईट नाहीत. वर्गणी गोळा करताना त्यांचेच जोडे झिजतात. कोणी पाहत नाही हेही खरे आहे. दोष पाहायला न जाणाऱ्यांचा आहे, म्हणजे तुमचा आणि माझा.

थोडा विचार करा. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतले, ते १९१२ साली पुरे झाले. बशीसारखा आकार, मध्ये माती, आणि कुठेही बसा, कुस्ती स्वच्छ दिसते. हजारो माणसे मावतात. तेही आता शंभरी ओलांडलेले मैदान आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तिची झळ मैदानाच्या व्यासपीठालाही बसली. तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. पण खासबागेत उतरणारा पैलवान खासबागेत जन्मत नाही. तो कुठल्या तरी गावच्या रेवडीच्या कुस्तीतून येतो. गावचा आखाडा आगीवाचून नुसत्या दुर्लक्षाने मरतो, आणि त्याची हळहळ कोणाला वाटत नाही.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव शेतकऱ्याचेच पोर. वडिलांच्या हाताखाली गावच्या मातीत शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले पदक. तसे दुसरे यायला १९९६ साल उजाडले. आपल्या शेजारच्या मुळशी तालुक्यातले मामासाहेब मोहोळ यांनीही गावोगावच्या पैलवानांची मोट बांधून १९५३ साली राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली. महाराष्ट्र केसरीला आज मिळते ती गदा त्यांच्याच स्मरणार्थ असते.

आता तुम्ही म्हणाल, आबा, आमची पोरे काय केसरी होणार आहेत? नाहीत, शंभरातली नव्याण्णव होणार नाहीत. म्हणून खुराकासाठी जमीन विकू नका, शाळा सोडवू नका आणि ताकदीच्या नावाखाली कोणी इंजेक्शन किंवा बिनलेबलची पूड दिली तर दारातूनच परत पाठवा. डेअरीला दूध घालण्याआधी एक तांब्या पोरासाठी काढा, भाकरी, डाळ, शेंगदाणे, गूळ, अंडी घरचीच द्या. एवढे दहा वर्षांच्या पोराला पुष्कळ झाले. तालीम केसरी होण्यासाठीच असते असे नाही. पहाटे उठणे, वस्तादांचे ऐकणे, पडून उठणे आणि पाडणाऱ्याचा हात वर करणे, एवढे शिकून पोरगे शेतात गेले काय आणि कंपनीत गेले काय, वाया जात नाही.

आणि आखाड्यासाठी फार पैसा लागतो असेही नाही. हगाम्याच्या आठ दिवस आधी चार जणांनी कुदळी घेऊन माती हातभर खणावी, खडे वेचावेत, माती चाळावी. ताक, तेल, हळद, लिंबू मिसळून ती वर-खाली करावी. घट्ट मातीत पोरांचे खांदे निखळतात, मऊ मातीत ती न भिता डाव टाकतात. ढासळलेल्या पायऱ्या एका रविवारच्या श्रमदानात बसतात. पिंपळ लहान असतानाच काढावा, नाहीतर तो भिंत घेऊन जातो. मोठ्या इनामाला वर्गणी देता, त्यातले शंभर रुपये रेवडीसाठी वेगळे सांगून द्यावेत. आणि हरणाऱ्या पोरालाही खोबऱ्याची वाटी मिळेल असे पाहावे.

सगळ्यात स्वस्त काम शेवटी सांगतो. पुढच्या जत्रेला दुपारी एकला जा. बायकांनीही जावे, पोर त्यांचेच आहे. चाळीसाची ऐंशी माणसे झाली तर बंद करायची भाषा आपोआप बंद होईल. कमिटीची बैठक दिवाळीनंतर आहे. मी जाऊन हेच बोलणार आहे, पण एकट्याच्या बोलण्याला वजन नसते.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात धप्‌धप्‌ आवाज आला म्हणून उठलो. धाकटा जोर मारीत होता. थोरला शेजारी उभा राहून मोजत होता. तीस झाल्यावर त्यानेही सदरा काढून खुंटीला लावला. मी काही बोललो नाही. नुसता ओट्यावर बसून पाहत राहिलो.