खांदेमळणीच्या सांजेला

आज खांदेमळणी, उद्या पोळा. विदर्भातल्या ज्या गोठ्यांत अजून जोडी आहे, तिथं आज संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळलं जाईल. जू घासून जिथं घट्टा पडलेला असतो, तिथं हात जरा जास्त वेळ फिरतो. नांगरट ट्रॅक्टरकडे गेली त्याला वर्षं झाली. जोडीचं मोठं काम उरलं ते डवरणीचं. तोंडाला मुसकं बांधून, तासातासातून, पेरणीनंतरचा सव्वा-दीड महिना.

हाच काळ पिकाच्या नशिबाचा असतो. सोयाबीनची तणाशी खरी झुंज पहिल्या 30 ते 45 दिवसांत होते. तेवढे दिवस शेत स्वच्छ राहिलं, की पुढं पिकाचीच सावली तण दाबते. आज पोळ्याच्या तोंडावर पिकाच्या वर डोकं काढून उभं असलेलं कुर्डू उपटलं तर शेत देखणं दिसेल, पण गेलेला उतारा परत येणार नाही. तणाच्या हिशोबात सगळ्यात महाग पडतो तो उशीर, आणि दारात जोडी असली की तो टाळता येतो. वाफसा आला, की सकाळी डवरा जुंपायचा. डवऱ्याची पास दोन बोटं मातीखालून सरकते, तणाची मुळं कापते, जमिनीच्या भेगा बुजवते, ओल धरून ठेवते. ओळीत उरलेलं तण पायाला चिखल्या झालेल्या बाया निंदून काढतात. त्यांच्यासाठी सणाचा दिवस कुणी ठेवला नाही, याची खंत आज तरी वाटायला हवी.

जोड्या मात्र कमी होत चालल्या. 2019च्या पशुगणनेत देशातल्या गायी 2012च्या तुलनेत 18 टक्क्यांनी वाढल्या, तर गोवंशातले नर सुमारे 30 टक्क्यांनी घटले. तीन-चार महिन्यांच्या कामासाठी बारा महिने कडबा-ढेप घालणं लहान शेतकऱ्याला जड जातं. पूर्वी गायरान हा भार उचलायचं. आता बहुतेक गायरानांत गाजरगवत माजलंय आणि जनावर त्याला तोंड लावत नाही. 1950च्या दशकाच्या मध्यात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेलं हे तण देशभर पसरलं. दरवर्षी 16 ते 22 ऑगस्टला गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. त्याची पानं खाणारे मेक्सिकन भुंगे 1984पासून आपल्याकडे आहेत. आपला तरोटाही त्याला हटवतो. गायरान मोकळं करणं हे बैल टिकवण्याचंच काम आहे, पण सप्ताहाच्या भाषणांत बैलाचं नाव क्वचितच निघतं.

तणनाशकाला नावं ठेवण्याचा हा लेख नाही. आठ-आठ दिवस झड लागते, वाफसा येत नाही, निंदणाला माणूस मिळत नाही. तेव्हा फवारणीच शेत वाचवते. दुखणं वेगळं आहे. जुलैअखेर एका शेतात उभे होतो. झड उघडली होती, तण नडगीला लागलं होतं. सोयाबीनमध्ये उगवणीनंतर चालणारं इमॅझेथापायर एकरी 400 मिली, साधारण 200 लिटर पाण्यात, तण दोन-चार पानांवर असताना मारायचं असतं. इथं माप म्हणून बाटलीचं झाकण, नोझल कीटकनाशकाचं, आणि पाणी नाल्यावरून डोक्यावर आणायचं म्हणून एकर सहा-सात पंपांत उरकलेला. आठ दिवसांनी गवताचे शेंडे पिवळे पडले आणि बुडातून पुन्हा फुटले. केना तर हिरवागारच. मग दुसरी फवारणी, वर निंदण. एकाच एकरावर तीन खर्च, शिवाय बाटलीवर 18 टक्के जीएसटी. 2025-26च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता; त्याआधीच्या हंगामात तो 4,892 असताना कितीतरी शेतकऱ्यांनी त्याखालीच माल विकला. हे तीन खर्च कुठून निघायचे?

शेजारच्या कपाशीचं वेगळंच. टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप नीट न धुता कपाशीत नेला, तर पऱ्हाटीची पानं भेंडीसारखी होतात. जून 2019मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं मान्यता नसलेली, तणनाशक सोसणारी कपाशी उघडपणे लावली. त्या बियाण्याबद्दल मतं काहीही असोत, त्यामागची निंदणाची अडचण खरी होती आणि आजही आहे.

म्हणून उद्या आखरावर तोरणाखाली किती जोड्या उभ्या राहतात, ते पोळा फुटण्याआधी ग्रामपंचायतीनं मोजून लिहून ठेवावं. पुढच्या हंगामातले डवरणीचे दिवस गावानं आत्ताच ठरलेल्या भाड्यानं त्यांच्याकडे लावावेत, थोडी उचलही द्यावी. जोडीवाल्याचा उन्हाळ्याचा कडबा त्यातून निघेल आणि बिनबैलाच्या घराला वाफशाच्या दिवशी डवरा मिळेल. जिथं फवारणीच करायची, तिथं कृषी सहायकानं पेरणी आटोपताच पारावर यावं, येताना मापाचा पेला आणि तणनाशकाचं चपटी धार सोडणारं नोझल घेऊन यावं, आणि साध्या पाण्यानं भरलेला एक पंप पारासमोर चालवून दाखवावा. मृग-आर्द्रात दिवसभर गावची माणसं शेतात असतात. संध्याकाळी सातनंतर यावं, म्हणजे निंदणाऱ्या बायाही येतील.