दंड थकला म्हणून लायसन्स काढून घ्याल, तर खबरदार!

राज्याचे परिवहन खाते, गृह खाते आणि वाहतूक पोलीस यांना हा जाहीर इशारा आहे.

थकलेल्या ई-चलानांपोटी लायसन्स निलंबित करण्याची भाषा अधूनमधून कानावर येते. आधी मोबाइलवर मेसेज, मग लोकअदालतीची नोटीस आणि पाठोपाठ दम: पैसे भरा, नाहीतर गाडी चालवणं बंद. रिक्षा, टॅक्सी आणि टेम्पोवर ज्यांची चूल पेटते, त्यांच्या वतीने आम्ही बजावून सांगतो. दंड भरण्याची ऐपत आहे की नाही, याची चौकशी केल्याशिवाय एकाही चालकाचं लायसन्स काढून घेऊ देणार नाही.

दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याचं, सिग्नल तोडून माणूस उडवणाऱ्याचं लायसन्स जरूर काढून घ्या. त्याच्यासाठी आम्ही रस्त्यावर उतरणार नाही. पण पाचशे रुपये थकले म्हणून कोणी धोकादायक चालक ठरत नाही. ज्याच्या खात्यात पैसे आहेत, तो त्याच चुकीचा दंड बसल्या जागी भरून मोकळा होतो. ज्याच्याकडे नाहीत, त्याचा धंदा जातो. गुन्हा एकच, शिक्षा मात्र खिसा बघून!

शिफ्टवर रिक्षा चालवणाऱ्याचा हिशेब समजून घ्या. सकाळी मालकाकडून गाडी ताब्यात घ्यायची, सीएनजीच्या रांगेत ताटकळायचं, दिवसाच्या धंद्यातून आधी मालकाचं भाडं आणि गॅसचे पैसे बाजूला काढायचे. उरेल त्यात घर चालवायचं. स्टँडची जागा रस्त्याच्या खोदकामात गेलेली असते, म्हणून तो पॅसेंजरसाठी कोपऱ्यावर थांबतो आणि तिथेच फोटो निघतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुढे दर वेळी १,५०० पर्यंत दंड. मेसेज जातो मालकाच्या मोबाइलवर. चालकाला पत्ता लागतो तो गाडी पासिंगला निघाली की. तोवर आकडा फुगलेला असतो आणि मालक तो चालकाच्या अंगावर टाकून मोकळा होतो.

अशा माणसाचं लायसन्स काढून घेतलंत, तर दंड फेडायचा कशातून? तो घरी बसला, तर पोरांची उपासमार. गाडी बाहेर काढली, तर कलम १८२ खाली १०,००० रुपयांचा नवा दंड. त्यातच अपघात झाला, तर चालक अपात्र होता या मुद्द्यावर विमा कंपनी हात वर करू बघणार आणि जखमी माणूस भरपाईसाठी कोर्टाचे खेटे घालणार. पाचशे रुपयांच्या वसुलीची किंमत अशी रस्त्यावरच्या निरपराध माणसाने का मोजायची?

फेडायला सवड द्यावी, हे आपल्या कायद्याला मान्य आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६४ प्रमाणे, फक्त दंडाची शिक्षा झालेल्या माणसाला कोर्ट ३० दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते देऊ शकतं. मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितलं, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने कोर्टाचा दंड थकला म्हणून लाखो लोकांची लायसन्स निलंबित केली होती. लोक कोर्टात गेले, आणि २०२० साली त्या राज्याला ही पद्धत कायद्यानेच मोडीत काढावी लागली. ती चूक आता महाराष्ट्राने करू नये.

आमच्या मागण्या चार:

१. थकलेल्या दंडापोटी लायसन्सवर कोणतीही कारवाई करण्याआधी चालकाचं म्हणणं ऐकावं आणि त्याची ऐपत तपासावी.
२. चलानाची रक्कम झेपेल अशा हप्त्यांनी भरण्याची सोय ऑनलाइन आणि खिडकीवरही असावी.
३. नोटीस प्रत्यक्ष चालकाला, मराठीत मिळावी. मालकाच्या मोबाइलवरचा मेसेज पुरेसा धरू नये.
४. लायसन्सचं निलंबन धोकादायक वाहन चालवण्यासाठीच राखून ठेवावं. वसुलीसाठी ते हत्यार वापरू नये.

चालकांनाही खडसावून सांगतो. ज्यांना दंड भरणं शक्य आहे, त्यांनी तो भरावा. आमच्या आडून कोणी चुकवेगिरी करू नये. नोटीस आली की ती फाडून टाकू नका. तारखेला हजर राहा, हप्त्यांसाठी लेखी अर्ज करा, अर्जाची पोच घ्या. वकील परवडत नसेल, तर कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा समितीकडे मोफत मदत मागा. जो तारखेला फिरकणारच नाही, त्याची बाजू आम्हाला मांडता येणार नाही.

सरकारला आजपासून ३० दिवसांची मुदत देत आहोत. तेवढ्यात लेखी निर्णय हाती आला नाही, तर आम्ही उच्च न्यायालयात दाद मागू आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या आरटीओसमोर शांततेने ठिय्या देऊ. त्यानंतरही फक्त ऐपत नाही म्हणून एखाद्याचं लायसन्स निलंबित झालं, तर रुग्ण आणि परीक्षार्थी यांची ने-आण वगळता रिक्षा, टॅक्सी, टेम्पो बंद राहतील. त्या गैरसोयीची जबाबदारी सर्वस्वी सरकारची असेल.