सोळाशे मीटरांची परीक्षा

पोलीस शिपाईभरतीची जाहिरात निघण्याची नुसती कुणकुण लागली, तरी महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांच्या गावांबाहेरील डांबरी रस्त्यांवर उजाडण्यापूर्वीच धावणाऱ्या मुलामुलींचे जथे दिसू लागतात. आणि ज्यांची शाळेतील सारी वर्षे शरीराकडे कोणीही लक्ष न देता निघून गेली, ती ही मुले दोन-चार महिन्यांच्या अवधीत त्या सगळ्या वर्षांची भरपाई करू पाहतात. पुरुष उमेदवारास १६०० मीटर, स्त्री उमेदवारास ८०० मीटर, शिवाय दोघांसही १०० मीटर आणि गोळाफेक, अशी ही ५० गुणांची चाचणी असून, तीत निम्मे गुण मिळविल्यावाचून लेखी परीक्षेस बसावयास मिळत नाही. ही अट गैरवाजवी आहे असे आमचे म्हणणे नाही. ज्याला चोराचा पाठलाग करावयाचा त्याला धावता आले पाहिजे, हे ठरविण्यास समिती नेमावी लागत नाही. आमची तक्रार इतकीच की, अठराव्या वर्षी घड्याळ हातात घेऊन शरीराची परीक्षा घेणारे हे सरकार त्यापूर्वीची दहा-बारा वर्षे त्या शरीराच्या शिक्षणाविषयी बेफिकीर असते.

दप्तरी पाहावे तर सर्व काही यथास्थित आहे. आरोग्य व शारीरिक शिक्षण हा विषय वेळापत्रकात आहे, त्याची श्रेणी गुणपत्रिकेवर उमटते, आणि ती श्रेणी सहसा उत्तमच असते. प्रत्यक्षात पी.टी.चा तास हा गणिताच्या शिक्षकाने हक्काने मागून घ्यावयाचा तास झाला आहे, आणि क्रीडाशिक्षक म्हणजे निवडणुकीच्या कामास, पोषण आहाराच्या नोंदींस आणि २६ जानेवारीच्या कवायतीस केव्हाही जुंपता येणारा इसम, अशी समजूत रूढ झाली आहे. कायद्याची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील तेथेच कला, कार्यशिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांसाठी शिक्षक नेमण्याची तरतूद केली, आणि तोही अंशकालीन. वाडीवस्तीवरील जिल्हा परिषदेच्या शाळेत इतका पट कोठून असावयाचा? ज्या मुलाच्या गावी व्यायामशाळा नाही, पोहण्याचा तलाव नाही, त्यालाच हा शिक्षकही नाही.

असे नेहमीच होते असे नाही. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले, तेव्हा तिजोरीची स्थिती आजच्या मानाने केविलवाणी होती. तरीही शारीरिक शिक्षणाच्या प्रश्नावर कैवल्यधामाच्या स्वामी कुवलयानंदांची मसलत घेण्यात आली, आणि १९३८ मध्ये शिक्षक तयार करणारी संस्था कांदिवलीस उभी राहिली. मुलांना व्यायाम हवा असेल तर आधी तो शिकविणारा माणूस शास्त्र शिकून तयार झाला पाहिजे, ही गोष्ट त्या पिढीने ओळखली होती.

आज ते शास्त्र कितीतरी पुढे गेले आहे, आणि म्हणूनच त्याची उपेक्षा अधिक अक्षम्य ठरते. पाच ते सतरा या वयातील मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व अस्थी बळकट करणारे श्रम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात हाडांच्या टोकांशी असलेली कूर्चेची वाढपट्टी नाजूक असते. त्या वयात धावणे, उड्या, दोरीवर चढणे, सूर्यनमस्कार, खो-खो अशा विविध हालचालींनी शरीर हळूहळू सोसू लागते. हा पाया नसताना एकाएकी डांबरावर मैलोगणती धावू लागले की नडगीचे दुखणे जडते, आणि पुष्कळांचे ‘ग्राउंड’ तेथेच संपते. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवारांचे प्राण गेले, तेव्हा कुठे अंतर कमी करण्याचा हुकूम निघाला. मुलींची अवस्था तर याहून बिकट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. अशा मुलीचे रक्त न तपासता तिला ‘अजून जोरात पळ’ म्हणून ओरडणारा शिक्षक तिच्यावर अन्याय करीत असतो, मग त्याची तळमळ कितीही खरी असो.

खेड्यातील मुले शेतात राबतातच, त्यांना निराळा व्यायाम कशाला, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, आणि तो करणारे बहुधा खुर्चीत बसून करतात. उसाच्या फडात दिवसभर वाकून मोळ्या बांधल्याने पाठ झिजते. त्याला व्यायाम म्हणत नाहीत. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे शाळेसाठी सहा किलोमीटरांची वाट तुडवीत असत. पण त्यांच्यातला धावपटू हेरला तो शाळेने नव्हे, सैन्याने, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी रौप्यपदक आणले. ते सैन्यात गेले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न क्रीडाखात्याने स्वतःस विचारावा. या पोकळीत आता तालुक्यातालुक्यांत खासगी अकॅडम्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांतील काही चांगल्याही असतील. पण शाळेने विनामूल्य द्यावयाचे ते तेथे बापाच्या कर्जातून विकत घ्यावे लागते.

प्रत्येक शाळेस स्वतंत्र शिक्षक देणे परवडत नसेल, तर जिल्हा परिषदेची केंद्रे आहेतच. प्रत्येक केंद्रास एक पूर्णवेळ, प्रशिक्षित क्रीडाशिक्षक नेमून त्याने केंद्रातील शाळांवर ठरल्या वारी फिरावे, मुलांची उंची, वजन व रक्ताची नोंद वर्षातून दोनदा ठेवावी, आणि त्याला अन्य कोणतेही सरकारी काम सांगू नये. जिल्ह्याच्या ठिकाणी पोलिसांची कवायत मैदाने आहेत; ती आठवड्यातून दोन सकाळ शाळकरी मुलांस खुली करण्यास गृहखात्याची हरकत असण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. पुढील भरतीसाठी तेच खाते याच मुलांना बोलावणार आहे.