‘निसर्गरम्य’ या शब्दाविरुद्ध

पदव्युत्तर वर्गाची शैक्षणिक सहल यंदाही लोणार आणि सिंदखेडराजा येथे गेली. सहलीहून परतल्यावर विद्यार्थ्यांकडून प्रवासवृत्त लिहून घेण्याचा प्रघात आहे. ती वृत्ते तपासत असताना तिसऱ्या-चौथ्या वहीनंतर प्रस्तुत लेखकाच्या लक्षात आले, की आपण एकच वही पुन:पुन्हा वाचत आहोत. लोणार सर्वत्र ‘निसर्गरम्य’ होते, सरोवर ‘नयनरम्य’ होते, दैत्यसूदनाचे मंदिर ‘शिल्पकलेचा अप्रतिम नमुना’ होते आणि शेवटी ‘एकदा तरी अवश्य भेट द्यावी’ अशी शिफारस होती. या वाक्यांचा उगम शोधायला फार दूर जावे लागले नाही. ‘बुलढाणा जिल्ह्यातील पाहण्यासारखी ठिकाणे’ या स्वरूपाच्या, सर्वत्र फिरणाऱ्या याद्यांत ती जशीच्या तशी सापडतात. मुलांनी ती उतरवली याचे वाईट वाटले नाही, मुले उतरवतातच. वाईट वाटले ते एका वहीचे. ती लिहिणारी मुलगी संग्रामपूर तालुक्यातली, म्हणजे त्याच जिल्ह्यातली आणि तिनेही आपल्या जिल्ह्याला ‘निसर्गरम्य’ म्हटले होते.

हा लेख त्या शब्दाविरुद्ध आहे. एखाद्या शब्दाविरुद्ध एवढी आघाडी उघडण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण एवढेच, की हा शब्द पाहिल्याचा पुरावा देत नाही. न पाहण्याची सवलत देतो. ‘निसर्गरम्य’ म्हटले की माथेरानही झाले, आंबोलीही झाली आणि लोणारही झाले. जे विशेषण तिन्ही स्थळांना सारखेच लागू पडते, ते तिघांपैकी एकाविषयीही काही सांगत नाही.

आता लोणार काय आहे ते पाहू. दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकात उल्का आदळून झालेले हे विवर आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. बसाल्टमधील आघातविवरे पृथ्वीवर अत्यंत दुर्मीळ आहेत. म्हणूनच चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार महत्त्वाचे वाटते. हे विवर ज्वालामुखीचे की उल्केचे, हा वाद दीर्घकाळ चालला. आघाताच्या प्रचंड दाबानेच तयार होणारे मॅस्केलिनाइट येथे मिळाले, तेव्हा तो उल्केच्या बाजूने सुटला. वयाचा प्रश्न तर अधिकच उद्बोधक आहे. बहुतेक याद्या आजही ‘सुमारे ५०,००० वर्षांपूर्वी’ असे छापतात. परंतु २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आरगॉन-कालमापनाने ते सुमारे ५,७०,००० वर्षे इतके मागे नेले. दहापटींहून अधिक फरक! ज्या लेखकाला हा फरक पडताळून पाहावासा वाटत नाही, त्याचे ‘अद्भुत’ हे विशेषण किती मोलाचे मानावे?

यादीचा दुसरा दोष असा, की ती केवळ नवल पाहते. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि देशभराला लोणार आठवले. खारे पाणी आटून क्षारता वाढली, की वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे असा रंग येतो, हे पुढे तपासांती स्पष्ट झाले. पण तोवर गर्दीचे कुतूहल ओसरले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, ही बातमी त्या मानाने फारच थोड्यांनी वाचली. डिसेंबर २०१९ मध्ये टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला एक तरुण वाघ, गळ्यात उपग्रह-पट्टा बांधलेला, शेते, रस्ते आणि नाले ओलांडत सुमारे १,३०० किलोमीटर चालून ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याचीही अशीच ‘बातमी’ झाली. वाघाला जोडीदारासाठी आणि हद्दीसाठी एवढे का चालावे लागले, वाटेत सलग जंगल का उरले नाही, हा प्रश्न मात्र यादीत बसत नाही. यादीत ‘ज्ञानगंगा अभयारण्य : येथे बिबटे व अस्वले आढळतात’ एवढेच बसते.

आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, तेव्हाही तेच घडले. गुलाबी तळे, चालणारा वाघ, टक्कल पडलेली गावे : बाहेरच्या जगाला बुलढाणा जिल्हा दर दोन-चार वर्षांनी असा एकेका नवलापुरता आठवतो.

येथे त्या संग्रामपूरच्या विद्यार्थिनीकडे वळतो. बुलढाणा जिल्ह्यातला माणूस आपला जिल्हा दोन भागांत सांगतो : घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा घाटावरचा मुलूख. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा घाटाखालचा, पूर्णेच्या खोऱ्याचा. बोली, पीक, पाणी, सोयरीक या साऱ्यांत हा भेद आहे. एकाही यादीत मला तो आढळला नाही. घाटाखाली पूर्णेच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींचे पाणी खारे. ते पिण्याला नको आणि ओलिताला दिले तर जमीन बिघडते. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील मूत्रपिंडविकारांच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. म्हणजे पाहा : एकाच जिल्ह्यात दोन खारी पाणी आहेत. एक पाहण्यासाठी पुण्यामुंबईहून माणसे येतात, कठड्याशी उभी राहून छायाचित्रे काढतात. दुसरे रोज प्यावे लागते, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला लाखो भाविक येतात आणि बाटलीतले पाणी पिऊन परत जातात. त्यांतल्या कितीजणांना आपण खारपाणपट्ट्यात उभे होतो याची जाणीव असते? त्या मुलीला हे ठाऊक होते. तोंडी विचारले तेव्हा घरचे पाणी कुठून येते, किती दिवसांनी येते, ते तिने नीट सांगितले. पण लिहायला बसल्यावर तिला वाटले, की हे ‘प्रवासवर्णनात’ येत नाही. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थिनीला स्वत:च्या पाण्यासाठी मराठी सापडू नये, याहून मोठा पराभव आम्हा शिक्षकांचा कोणता?

तो पराभव अधिक बोचतो, कारण मराठीला स्थळे पाहण्याची फार जुनी आणि फार शिस्तशीर परंपरा आहे. चक्रधरस्वामींच्या परिभ्रमणात मेहकर आणि लोणार ही दोन्ही स्थाने येतात. स्वामी जिथे जिथे वसले, त्या त्या जागांची नोंद महानुभावांनी ‘स्थानपोथी’त केली. देऊळ कोणत्या दिशेला, त्याचे दार कुठे, ओटा कुठे, झाड कोणते, तिथून पुढचे स्थान कोणत्या अंगाला : एवढेच. रम्यतेचा उल्लेख नाही. तरीही ती पोथी वाचताना जागा डोळ्यांसमोर उभी राहते, कारण लिहिणाऱ्याच्या लेखी ती जागा कुणाच्या तरी वास्तव्याने अर्थपूर्ण झालेली आहे आणि नंतर येणाऱ्याला ती अचूक सापडली पाहिजे. ‘स्थानपोथी’ हीसुद्धा एक यादीच आहे, हे मान्य केले पाहिजे. म्हणून माझे भांडण यादीशी नाही. न जाता, न मोजता केलेल्या यादीशी आहे. आणि ‘लीळाचरित्र’ व ‘स्थानपोथी’ संपादून आपल्या हाती देणारे वि. भि. कोलते याच जिल्ह्यातल्या, मलकापूरकडच्या नरवेलचे. अभ्यासक्रमात त्यांचे नाव येते. गाव येत नाही.

या मांडणीवर काही आक्षेप येतील. पहिला असा, की सहलीला जाणारा माणूस थकलेला असतो. त्याला चार घटका विसावा हवा असतो, समाजशास्त्र नको. आक्षेप खरा आहे. लोणारला पहाटे कठड्यावर उभे राहून खालच्या हिरव्या रानातून मोरांचे ओरडणे ऐकावे आणि काही बोलू नये, यात गैर काही नाही. मात्र विसाव्यालाही वेळ लागतो. समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजा या तालुक्यांतून जातो, आणि ‘एका दिवसात लोणार, सिंदखेडराजा, शेगाव’ असे बेत आता सर्रास आखले जातात. अशा बेतात माणूस विसावत नाही, टिकमार्क करतो. दुसरा आक्षेप : पर्यटनाने रोजगार येतो. येतो, आणि यावा. परंतु दोन तास थांबून निघून जाणाऱ्या गाडीचा गावाला उपयोग किती? चहा आणि वाहनतळाच्या पावतीपलीकडे फारसा नाही. जो रात्रभर राहतो, दुसऱ्या दिवशी स्थानिक वाटाड्या सोबत घेतो, तोच गावात काही ठेवून जातो. तेव्हा नीट पाहणे आणि रोजगार यांत विरोध नाही.

तिसरा आक्षेप मात्र आमच्यावरच उलटणारा आहे आणि तो टाळता येणार नाही. साहित्याच्या लोकांचीही एक यादी असते. पर्यटकाला विदर्भ ‘निसर्गरम्य’ दिसत असेल, तर आम्हाला तो केवळ ‘उद्ध्वस्त’ दिसतो. २००६ साली केंद्राने शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. तेव्हापासून आमच्या चर्चासत्रांत या जिल्ह्याचे नाव दुसऱ्या कुठल्या संदर्भात उच्चारले गेले असेल तर ते अपवादानेच. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (२००२, साहित्य अकादमी पुरस्कार २००४) आम्ही शिकवतो आणि तिच्यातून आत्महत्येचा ‘प्रश्न’ तेवढा बाजूला काढून परीक्षेत विचारतो. शिकलेल्या मुलाची कुचंबणा, घरातली धुसफुस, जमिनीवरचे वेडे प्रेम, वऱ्हाडी बोलीतला तिरकस विनोद हे सारे ‘टीपा लिहा’मध्ये जाते. ज्या मातीने ‘बारोमास’ दिली, तिनेच ना. घ. देशपांडे दिले. सेंदुरजनला जन्मलेला, मेहकरला वकिली करणारा हा कवी. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी ध्वनिमुद्रिकेत गायिली आणि ती महाराष्ट्रभर घराघरांत गेली. पुढे १९८६ साली ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. प्रेमाचे गाणे आणि कर्जाची कादंबरी एकाच जिल्ह्यातून येतात, हे न पचल्यामुळे आम्ही एक गाणे ‘भावगीत’ या खणात टाकतो आणि एक कादंबरी ‘ग्रामीण’ या खणात. पर्यटकाची यादी जेवढी आळशी, तेवढीच ही आमची.

मग तिथे जाऊन करावे काय? उपदेश टाळून, आम्ही पुढच्या सहलीसाठी जे ठरवले आहे ते सांगतो.

लोणारला एक रात्र मुक्काम. धारेवर गोड पाणी अखंड पडते आणि थोडे खाली उतरल्यावर तळे खारे आहे. हे अंतर प्रत्येकाने पायांनी चालायचे, आणि ‘स्थानपोथी’च्या रीतीने एकही विशेषण न वापरता पानभर लिहायचे. दैत्यसूदनाच्या मंदिरात लोणासुराची कथा ऐकायची आणि विवराचे भूशास्त्रही समजून घ्यायचे. दोन्हींत वरून आलेल्या एका आघाताची स्मृती आहे का, यावर भांडायचे. सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी नतमस्तक होऊन लगेच गाडीत बसायचे नाही. पुतळा बारव आणि मोती तलावाची बांधणी पाहायची. पाण्याची एवढी व्यवस्था लावणाऱ्या गावात आज पाण्याचे काय, ते विचारायचे. लखुजी जाधवरावांच्या समाधीपाशी थांबायचे. १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यात ते आणि त्यांच्या घरातली माणसे दग्याने मारली गेली. याच समाधीच्या परिसरात २०२४ साली पुरातत्त्व खात्याला खोदकामात शेषशायी विष्णूची मूर्ती मिळाली. ‘सगळे पाहून झाले’ असे म्हणणाऱ्यांना जमिनीनेच दिलेले हे उत्तर आहे. मेहकरला पैनगंगेच्या काठी जायचे आणि ना. घं.च्या कविता मोठ्याने वाचायच्या. शेवटी घाट उतरून संग्रामपुरात त्या मुलीच्या गावी जायचे. वाटाडी तीच असेल. विहिरीचे पाणी जिभेवर ठेवून पाहायचे आणि ते ‘प्रवासवर्णनात’ लिहायचे.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास जाणे जमले तर जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणीही पाहता येईल. घटात मांडलेल्या धान्यांवरून पाऊस आणि पीक वर्तवण्याला शास्त्राचा आधार नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावेच लागेल. पण पहाटे तिथे जमलेल्या शेतकऱ्यांचे चेहरे पाहून आल्यावर ‘अंधश्रद्धा’ हा शब्दही किती घाईने वापरला जातो, हे त्यांना कळेल. तोही ‘निसर्गरम्य’चाच भाऊ आहे : पाहण्यापूर्वीच निकाल देणारा.

त्या वहीवर मी गुण दिलेले नाहीत. ‘घरच्या पाण्याविषयी पुन्हा लिही’ एवढाच शेरा मारून ती परत केली आहे.